जामीन कोण राहणार?



आपल्या या पत्रकात राजकारणावर लिहायचे म्हटले की बहुधा दोनच विषय निघतात. महापालिकेत आपली माणसे किती, हा एक. आणि मराठी शाळांचे पुढे काय, हा दुसरा. दोन्ही महत्त्वाचेच आहेत. पण आज आम्ही तिसराच प्रश्न घेऊन आलो आहोत. वेळ आली तर आपल्यापैकी कोण कोणासाठी सही करणार? वरवर पाहता हा घरगुती प्रश्न वाटेल. आमच्या मते तो पुरता राजकीय आहे. 2020 आणि 2021 सालच्या महामारीत आपल्या एका छापखान्याचे जे झाले, त्यातून तो आम्हांस कळला.

छापखाना कोणता हे पुष्कळांच्या लगेच ध्यानात येईल. दांडिया बाजाराच्या मागच्या बाजूला, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आहे तो. मालकांना सारे बडोदे 'प्रेसवाले काका' म्हणते, तेव्हा आम्हीही तेच म्हणू. नाव छापू नका, असे त्यांनी बजावले आहे. त्यांच्या वडिलांच्या काळी तिथे खिळे जुळवून ट्रेडलवर छपाई होत असे. आता एक ऑफसेट यंत्र, एक संगणक, दोन कामगार आणि स्वतः काका एवढाच कारभार. आपल्या लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मंडळाच्या पावत्या, गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका आणि हे पत्रकही तिथेच छापले जाते. गुजराती छापखान्यात मराठी पत्रिका दिली तर 'वऱ्हाडी मंडळी'चे 'वर्हाडी मंडळी' होऊन येते. काकांकडे असे होत नाही. मजकुरात ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल तर ते न विचारता दुरुस्त करतात आणि वर दोन शब्द सुनावतातही.

2020 साली गुढीपाडवा 25 मार्चला होता. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. छापखान्याच्या धंद्यात चैत्र-वैशाख म्हणजे सुगी. वर्षाची निम्मी कमाई त्या दोन महिन्यांत. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त 26 एप्रिलचा होता. त्या मुहूर्ताच्या पत्रिका मार्चच्या मध्यावरच छापून, दुमडून, दोरीने बांधून फळीवर तयार होत्या. गिऱ्हाइकांनी नुसता बयाणा दिलेला, बाकी रक्कम नेताना द्यायची. न्यायला कोणी आलेच नाही. लग्नेच पुढे गेली. मे महिन्यात लग्नाला परवानगी मिळाली ती 50 माणसांची. पन्नास माणसांना बोलवायला पत्रिका कोण छापतो? फोनवरच काम भागते.

काकांचा महिन्याचा खर्च, म्हणजे दोन पगार, भाडे, वीज आणि घर, तीस-बत्तीस हजारांच्या घरात होता. आवक शून्य. साठवलेले होते ते जूनपर्यंत पुरले.

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारे. टाळेबंदीतही बँका चालूच होत्या. एप्रिलमध्ये महिलांच्या जनधन खात्यांत सरकारने महिना 500 रुपये घालायला सुरुवात केली. तेव्हा खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस ठरवून दिले होते, आणि बाहेर चुन्याच्या वर्तुळांत उभ्या असलेल्या बायकांची रांग आम्ही आतून पाहत होतो. त्या दिवसांत प्रत्येक नवे परिपत्रक आमच्या टेबलावर येई. म्हणून काकांनी जूनमध्ये फोन करून विचारले, "अहो, एवढे लाख कोटी जाहीर झाले, त्यातले आमच्यासाठी काही आहे का?" तेव्हा उत्तर द्यायला आम्हीच योग्य माणूस होतो. आणि उत्तर फार वाईट होते.

रिझर्व्ह बँकेने 27 मार्चला कर्जाचे हप्ते तीन महिने लांबवायची सवलत दिली आणि पुढे ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. पण काकांच्या डोक्यावर कर्जच नव्हते. मग लांबवायचे काय? मे महिन्यात केंद्र सरकारने छोट्या-मध्यम उद्योगांसाठी तीन लाख कोटींची हमी योजना आणली. 29 फेब्रुवारी 2020 रोजी तुमचे जेवढे कर्ज बाकी असेल, त्याच्या 20 टक्के नवे कर्ज, तेही सरकारच्या हमीवर. योजना चांगली होती. आमच्या शाखेतल्या कितीतरी गिऱ्हाइकांना तिचा आधार झाला. पण शून्याचे 20 टक्के शून्यच. 1 जूनला फेरीवाल्यांसाठी दहा हजारांच्या कर्जाची योजना आली. काका फेरीवाले नव्हते. त्यांचे दुकान होते, आणि तेच आड आले.

इथे जरा थांबून विचार करावा असे आम्हांस वाटते. आपल्या घरांतून पिढ्यान्पिढ्या काय शिकवले गेले? ऋण काढू नये. अंथरूण पाहून पाय पसरावे. काकांनी ते तंतोतंत पाळले. यंत्रसुद्धा पैसे साठवून, जुने पण रोखीने घेतले. आणि संकट आले तेव्हा नेमका हाच माणूस सरकारच्या कोणत्याही यादीत नव्हता. ज्याचे कर्ज तो बँकेला दिसतो. ज्याचे कर्ज नाही तो सज्जन खरा, पण दिसत नाही. हा दोष काकांचा नव्हे. मदतीचा मार्ग आखताना जुन्या कर्जाच्या वहीपलीकडे कोणी पाहिले नाही, हा धोरणाचा दोष आहे.

राहिली एकच वाट. गुजरात सरकारने मे 2020 मध्ये आत्मनिर्भर गुजरात सहाय योजना जाहीर केली. छोटे दुकानदार, कारागीर, केशकर्तनालयवाले अशांना एक लाखापर्यंत कर्ज. व्याज 8 टक्के, त्यातले 6 टक्के सरकार भरणार, कर्जदाराने फक्त 2 टक्के द्यायचे. मुदत तीन वर्षे, पहिले सहा महिने हप्ता नाही. कर्ज द्यायचे सहकारी बँकांनी आणि पतसंस्थांनी. 21 मेपासून अर्ज मिळू लागले आणि लोकांनी रांगा लावल्या. घोषणेत हमीची गरज नाही असे म्हटले होते. खिडकीवर मात्र काकांना सांगण्यात आले की दोन जामीन आणा, संस्थेचे सभासद असलेले, नियमित उत्पन्नाचे.

संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही, आणि सगळा दोष तिच्यावर टाकावा असेही आम्हांस वाटत नाही. हिशेब असा की सरकार भरणार होते ते व्याज. मुद्दल संस्थेच्या ठेवीदारांचे. ते बुडाले तर सरकार भरून देणार नव्हते. ज्या पैशाची जोखीम दुसऱ्याची, त्यावर घोषणा करणे सोपे असते.

तर प्रश्न आला, जामीन कोण राहणार?

इथे आम्हांला आमचीच गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर या लेखाला काही अर्थ नाही. काका प्रथम आमच्याकडे आले. वीस वर्षांची ओळख. आमच्या लग्नाची पत्रिका त्यांनीच छापलेली. आम्ही चहा दिला, बसवले आणि म्हणालो, "बघू, काका." वाणिज्य शाखेत शिकताना करारविषयक कायद्याचे 128 वे कलम आम्ही पाठ केले होते: मूळ ऋणको जितका जबाबदार, तितकाच जामीनदारही जबाबदार. नोकरीत ते कलम माणसांच्या तोंडावर पाहिले. मित्रासाठी सही करून आपली ग्रॅच्युइटी गमावलेले गृहस्थ आमच्याच काउंटरसमोर उभे राहिलेले आहेत. तेव्हा 'बघू' म्हणजे 'नाही', हे आम्हांलाही ठाऊक होते आणि काकांनाही. ते काही न बोलता उठून गेले.

त्याच संध्याकाळी पहिली सही झाली. ती केली एका निवृत्त गिरणी कामगाराने. त्यांची पेन्शन एवढीशी. त्यांना कलम-बिलम ठाऊक नव्हते अशी आमची समजूत होती. पुढे एकदा आम्ही विचारले तेव्हा म्हणाले, "मला सगळे माहीत होते. त्याने नाही भरले तर मी भरीन, एवढेच ना? तो भरील." दुसरी सही आम्ही केली, पण चार दिवसांनी, आणि लाज वाटली म्हणून. हे शौर्य नव्हे. खरे काय ते वाचकांना कळावे म्हणून लिहिले.

सप्टेंबरात एक लाख रुपये खात्यावर आले. चाळीस हजार कागदाच्या व्यापाऱ्याला गेले, थकलेले पगार दिले, उरलेले हाताशी ठेवले.

पण एका लाखाने छापखाना वाचला असे कोणी म्हणेल तर ते अर्धेच खरे आहे. बाकीचे अर्धे लहान लहान गोष्टींनी केले. त्या इथे नोंदवून ठेवतो, कारण अशा गोष्टी लोक विसरतात.

अक्षय्य तृतीयेच्या ज्या पत्रिका फळीवर पडून होत्या, त्यांतले एक कुटुंब जूनमध्ये आले. मुलीचे लग्न घरातल्या घरात उरकले होते. त्यांनी तीनशे पत्रिकांचे उरलेले सगळे पैसे मोजून दिले आणि निरुपयोगी झालेला गठ्ठा घरी नेला. काका नको नको म्हणत होते. त्या गृहस्थांनी एवढेच म्हटले की तुम्ही छापायचे काम केलेत, लग्न पुढे गेले हा तुमचा दोष नाही. त्यानंतर आणखी काही कुटुंबे आली. सगळी आली नाहीत, हेही खरे.

आसपासच्या डॉक्टरांनी औषधचिठ्ठ्यांची पॅडे वर्षभराची एकदम छापून घेतली. दुकानदारांनी 'मास्कशिवाय प्रवेश नाही' हे फलक मराठी, गुजराती आणि हिंदीत छापून घेतले. मंडळाने पुढच्या वर्षाच्या पावतीपुस्तकांचे पैसे आधी दिले आणि सभासदांनी पत्रकाची वर्गणी दोन वर्षांची भरली. 2020 च्या ऑगस्टात सार्वजनिक मंडप नव्हते, गणेशोत्सव घरोघरीच झाला. तरी काही मंडळांनी आरतीची छोटी पुस्तिका काढून घरोघर वाटली आणि तेवढे काम काकांना मिळाले. काकांची एकच अट होती: दान नको, काम द्या. ती सगळ्यांनी पाळली.

आणि एक गोष्ट आम्ही मुद्दाम ठळकपणे सांगतो. वाड्याचे मालक गुजराती. त्यांनी सात महिने भाडे मागितले नाही आणि नंतर ते थोडे थोडे करून घेतले. कागदाचे व्यापारीही गुजराती. महिन्याच्या उधारीची मुदत त्यांनी न बोलता सहा महिन्यांवर नेली. 'आपला समाज' असे आपण या पत्रकात वारंवार लिहितो. संकटात जे पाठीशी उभे राहिले, त्यांना त्या शब्दाबाहेर ठेवून कसे चालेल? चार-सहा पिढ्या या गावात राहिल्यावर आपला समाज म्हणजे आपली गल्लीही असते.

नोव्हेंबरात दिवाळीनंतर बडोद्यात रात्रीची संचारबंदी आली. मग 2021 चा एप्रिल आला. त्या महिन्याबद्दल फार लिहावेसे वाटत नाही. आपल्या प्रत्येक घराने काही ना काही सोसले आहे. छापखान्यापुरते बोलायचे तर दशक्रियेची आणि बेसण्याची पत्रेसुद्धा छापली जाईनाशी झाली. वर्तमानपत्रांत 'टेलिफोनिक बेसणुं' अशा जाहिरातींची पानेच्या पाने येत होती. सांत्वनाला जाण्याचीही सोय नव्हती, मग पत्र कशाला? काका तेव्हा म्हणाले होते, "या धंद्यात मंगलही गेले आणि अमंगलही गेले." तरी त्यांनी हप्ता एकदाही चुकवला नाही. महिना साडेतीन हजारांच्या आतला हप्ता. 2023 च्या सप्टेंबरात शेवटचा भरला आणि पेढे घेऊन आमच्या घरी आले. पहिला पेढा गिरणी कामगारांना देऊन मगच आमच्याकडे आले होते. तेच योग्य होते.

गोष्ट इथे संपली असती तर आम्ही लेखणी उचललीच नसती. गोड गोष्टी सांगून एकमेकांची पाठ थोपटायला हे पत्रक नाही.

छापखान्यापासून चार दुकाने सोडून एक शिवणकामाचे दुकान होते. नवरा-बायको दोघे शिवत. शाळेचे गणवेश, पोलकी, नवरात्रातले चणियाचोळी. शाळा बंद, गरबा बंद, लग्ने नाहीत. त्यांनाही कर्ज नव्हते, तेही कोणत्या यादीत नव्हते. त्यांनीही तोच अर्ज आणला होता, आणि त्यांनाही दोन जामीन सांगितले होते. त्यांना एकही मिळाला नाही. 2020 च्या अखेरीस दुकान बंद झाले. यंत्रे विकली गेली. आज तिथे मोबाइलची कव्हरे मिळतात. ते कुटुंबही मराठीच. पण ते मंडळात येत नसत, वर्गणीदार नव्हते, आपल्यापैकी कोणाच्या उठण्याबसण्यातले नव्हते. आम्हांला त्यांचे दुकान बंद झाल्याचे कळले तेही दोन महिन्यांनी.

काकांना आपण वाचवले, कारण काका आपल्याला दिसत होते. दर महिन्याला पत्रक घेऊन येत होते. जे दिसत नव्हते ते बुडाले. सरकारला फक्त कर्जदार दिसले, म्हणून आम्ही वर नावे ठेवली. आपल्याला फक्त ओळखीचे दिसले. मग फरक काय राहिला?

ओळखीवर चालते ती माया. ती हवीच, पण तिच्यावर व्यवस्था उभी राहत नाही. हे आपल्याच गावच्या पूर्वजांना आपल्यापेक्षा चांगले कळले होते. 1889 साली याच बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापन झाली. देशातली ही बहुधा पहिली परस्पर साहाय्य संस्था, असे रिझर्व्ह बँकही सांगते. देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला 1904 साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. बँक ऑफ बडोदा निघाली 1908 साली. त्याच्या कितीतरी आधी मध्यमवर्गीय मराठी माणसांनी ठरवले होते की गरजूने सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा आपण एकमेकांचे जामीन होऊ. नावातच सारे आले: अन्योन्य. पुढे त्या संस्थेला वाईट दिवस आले, हेही आपण जाणतो. पण कल्पना चुकीची होती असे त्यावरून ठरत नाही.

म्हणून आमच्या मंडळापुढे तीन सूचना आहेत.

पहिली, हमीची. मंडळाने स्वतः ठेवी गोळा करू नयेत, तो आपला अधिकार नाही आणि ते शहाणपणाचेही नाही. पण नोंदणीकृत, नीट चाललेल्या एखाद्या सहकारी संस्थेशी बोलणी करता येतील. इच्छुक सभासदांनी तिथे आपापल्या नावाने छोटी मुदत ठेव ठेवावी, आणि लेखी संमतीने ती हमी म्हणून बांधून द्यावी. एकाने लाखाची जोखीम घेण्याऐवजी शंभर जणांनी हजाराची घ्यावी. मग कोणाला 'बघू' म्हणावे लागणार नाही आणि कोणाची ग्रॅच्युइटी जाणार नाही. कर्ज कोणाला, हे ओळखीवर नव्हे, लिहून ठेवलेल्या नियमांवर ठरावे.

दुसरी, नोंदीची. मंडळाच्या तरुणांनी आपापल्या भागात फिरून छोट्या व्यवसायांची वही करावी. सभासद असो वा नसो, मराठी असो वा नसो. आणि प्रत्येकाची उद्यम नोंदणी करून द्यावी. 1 जुलै 2020 पासून ती सुरू आहे, तिला पैसे लागत नाहीत, आधार क्रमांकावर होते. नोंद नसणे म्हणजे न दिसणे, हे आपण एकदा भोगले आहे.

तिसरी, मताची. निवडणूक कोणतीही असो, उमेदवार आपल्या दारी आला की शाल-श्रीफळाआधी त्याला एक प्रश्न विचारावा: ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही, अशा छोट्या दुकानदाराला पुढच्या संकटात तुम्ही कोणत्या दाराने मदत देणार? आणि घोषणेतले पैसे बुडाले तर ते कोणाचे बुडणार? पुढचे संकट फार दूर असते असे नाही. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा कितीतरी दुकानदारांनी भिजलेला माल रस्त्यावर आणून टाकलेला आपण पाहिला. प्रश्न पुन्हा तेच होते.

हे पत्रक वाचून झाल्यावर शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचे नाव दिसेल. ते तिथे आहे याचे समाधान जरूर माना. पण चार दुकाने पलीकडच्या त्या बंद झालेल्या दुकानाचे नाव कुठेच छापलेले नाही. पुढच्या वेळी त्यांचा जामीन कोण राहणार, हे संकट येण्याआधी ठरवू या. मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडण्याची लेखी सूचना आम्ही दिली आहे. अनुमोदनाला एक सही हवी आहे.